तालुक्याच्या महाविद्यालयातून पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज कसा करावा

यवतमाळ जिल्ह्यातील एका तांड्यावर मी वाढले आणि तालुक्याच्या महाविद्यालयातून बी.ए. झाले. त्या वर्षी एम.ए.साठी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्ही ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी नॉन-क्रिमीलेअर दाखला चुकीच्या नमुन्यातला निघाला, दुसऱ्या ठिकाणी सरांचे शिफारसपत्र मुदतीत पोहोचलेच नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी सगळी कागदपत्रे बिनचूक असूनही निवड झाली नाही. त्या तिसऱ्या नकाराचे कारण मला वर्षभराने कळले, आणि तेही कुणी सांगितले म्हणून नव्हे, तर माझे उद्देशपत्र, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा आहे हे सांगणारे अर्जासोबतचे पत्र, मीच पुन्हा वाचले म्हणून. पुढच्या वर्षी राज्याबाहेरील एका केंद्रीय विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेव्हापासून दर हिवाळ्यात गावाकडून तेच तेच प्रश्न विचारणारे फोन येतात, म्हणून हे सारे एकदाच क्रमाने लिहून ठेवत आहे. प्रवेश परीक्षेचा अभ्यास कसा करावा, हा या लेखाचा विषय नाही. अर्ज कसा उभा करावा, एवढेच येथे सांगायचे आहे.

१. वर्षाचे वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्या

आपल्याकडे अर्जाचा हंगाम आणि शेतीचा हंगाम एकमेकांवर येतात. आयआयटीमधील एम.एस्सी.साठी असलेल्या ‘जॅम’ परीक्षेचे अर्ज साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ऐन सोयाबीन सोंगणीत भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. केंद्रीय विद्यापीठांसाठीच्या ‘सीयूईटी-पीजी’चे अर्ज अलीकडच्या वर्षांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास निघाले आहेत, तेव्हा घरी कापसाची वेचणी चालू असते. परदेशी विद्यापीठांपैकी बऱ्याच जणांची मुदत नोव्हेंबर ते जानेवारी या काळात संपते. घरात हाताला हात कमी असताना तालुक्याला चार-चार फेऱ्या मारणे अवघड जाते, म्हणून ज्या कामांना मुदत नाही ती आधी उरकावीत. जून-जुलैमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांमुळे सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य हा दाखल्यांसाठी सर्वांत मोकळा काळ असतो, असा माझा अनुभव आहे. उद्देशपत्राचा पहिला मसुदाही याच काळात लिहून झाला पाहिजे.

२. कुठे अर्ज करायचा, हे नावावरून नव्हे तर अभ्यासक्रमावरून ठरवा

आमच्या भागात पदवीनंतर बाहेर जाणे म्हणजे पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेची खोली घेणे, असे समीकरण बसले आहे. त्यात वाईट काही नाही. पण दिल्ली, हैदराबाद येथे किंवा अगदी आपल्या वर्ध्याला केंद्रीय विद्यापीठ आहे, याची अनेकांना कल्पनाही नसते. विभागाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमाची पुस्तिका उतरवून घ्या आणि चारही सत्रांतील विषयांची नावे वाचा. त्यानंतर त्या विभागातील प्राध्यापक कोणत्या विषयावर काम करतात, ते पाहा. तुम्हाला ज्याचे कुतूहल आहे त्यावर तेथे एकही माणूस काम करत नसेल, तर त्या विद्यापीठाचे नाव कितीही मोठे असले तरी अर्जाचे शुल्क वाया जाईल.

चार ते सहा अर्ज पुरेसे होतात. पंधरा ठिकाणी एकच मजकूर पाठवणाऱ्यांचा एकही अर्ज धड होत नाही.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच तपासावी. आपली जुनी पदवी तीन वर्षांची आहे. ब्रिटनमधील विद्यापीठे ती सहसा मान्य करतात; अमेरिका आणि जर्मनी येथील अनेक अभ्यासक्रम मात्र चार वर्षांचे पदवी शिक्षण मागतात. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ हे कागदपत्र पडताळणीचे प्रमाणपत्रही लागते आणि त्याला वेळ लागतो. पात्रतेची ओळ न वाचता शुल्क भरणारे मी बरेच पाहिले आहेत.

३. सर्व कागदांवर तुमचे नाव एकच आहे का, ते तपासा

दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्याकडे आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव येते. आधारवर हाच क्रम उलटा असतो, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा असतो. क्रमातील फरक बहुतेक ठिकाणी खपून जातो, पण इंग्रजी स्पेलिंगमधील फरक खपत नाही. आमच्याकडे ‘देवराव’ हे नाव कुणी ‘व्ही’ घालून लिहितो, तर कुणी ‘ओ’ घालून. माझ्या वडिलांचे नाव माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, पदवीच्या गुणपत्रिकेवर दुसरे आणि आधारवर तिसरे होते.

दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या, कारण जन्मतारीख आणि नाव यांसाठी सर्वत्र तीच मागितली जाते, आणि तीच बदलणे सर्वांत कठीण असते. आधारमधील दुरुस्ती त्या मानाने सोपी आहे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जवळ ठेवावी, किंवा शक्य असल्यास शिक्षण पूर्ण होईपर्यंत शैक्षणिक कागदांवरील नावच सगळीकडे चालू ठेवावे.

४. दाखले: राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो

माझा पहिला नकार इथला, म्हणून हे सविस्तर सांगते. माझ्या जातीच्या दाखल्यावर ‘विमुक्त जाती (अ)’ असे लिहिलेले आहे. महाराष्ट्रातील कोणत्याही प्रवेशात ते चालते. केंद्रीय विद्यापीठाच्या अर्जात मात्र विमुक्त जाती असा प्रवर्गच नसतो; तेथे बंजारा समाज केंद्राच्या यादीनुसार इतर मागासवर्गात येतो. म्हणून मी फॉर्ममध्ये ‘ओबीसी’ निवडले, पण नमुना वेगळा लागतो हे ठाऊक नसल्याने सोबत राज्याच्या नमुन्यातले नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र जोडले, आणि पडताळणीच्या वेळी ते नामंजूर झाले. सेतूमध्ये अर्ज करताना ‘केंद्र शासनाच्या नमुन्यातील ओबीसी प्रमाणपत्र हवे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे लागते. न सांगितल्यास राज्याचेच मिळते, आणि त्यात देणाऱ्याची चूक नसते.

याच्या उलटही घडते. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असतेच असे नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावरील महाराष्ट्राची यादी उघडून आपल्या जातीचे नाव त्याच स्पेलिंगने शोधा. ‘ईडब्ल्यूएस’साठीही, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठीही, केंद्राच्या नमुन्याचाच दाखला लागतो.

दुसरा सापळा तारखेचा आहे. जातीचा मूळ दाखला कायमचा असतो, पण नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस आणि उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेले असतात. अर्ज जानेवारीत आणि प्रवेश जून-जुलैमध्ये, म्हणजे मध्ये ३१ मार्च येऊन जातो. अनेक विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी १ एप्रिलनंतर काढलेले प्रमाणपत्र मागतात. जानेवारीत हाती असलेल्या दाखल्यावर फॉर्म भरावा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवीन दाखल्यासाठी अर्ज टाकावा. निकालाची वाट पाहत बसल्यास प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- दहावी व बारावीच्या गुणपत्रिका आणि बोर्डाची प्रमाणपत्रे
- पदवीच्या प्रत्येक सत्राची गुणपत्रिका. पदवी झाली असल्यास तात्पुरते किंवा अंतिम पदवी प्रमाणपत्र
- महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि राज्याबाहेर जाणार असल्यास विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र
- जातीचा दाखला, केंद्राच्या नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला
- आधार, परदेशासाठी पासपोर्ट
- स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते

प्रत्येक मूळ कागद एकदाच चांगल्या उजेडात, कडा न कापता स्कॅन करून घ्या आणि ई-मेलमध्ये किंवा ड्राइव्हवर साठवा. झेरॉक्सची झेरॉक्स काढून तिचा मोबाइलवर फोटो घेतलेला कागद पडताळणी करणाऱ्याला वाचता येत नाही.

५. उद्देशपत्र: परिस्थिती सांगू नका, प्रश्न सांगा

यालाच सगळे ‘एसओपी’ म्हणतात. काही भारतीय विद्यापीठे केवळ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश देतात, तेथे याची गरज नसते; पण अनेक खासगी विद्यापीठे, बहुतेक शिष्यवृत्त्या आणि जवळजवळ सर्व परदेशी विद्यापीठे ते मागतात. सहसा ५०० ते १००० शब्दांची मर्यादा असते.

माझ्या पहिल्या उद्देशपत्राची सुरुवात अशी होती: ‘मी एका गरीब शेतकरी कुटुंबातील मुलगी असून लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तळमळ आहे.’ यातील एकही शब्द खोटा नव्हता. पण हेच वाक्य माझ्या वर्गातील चाळीस जणांपैकी कुणीही लिहू शकले असते, आणि वाचणाऱ्याला माझ्याविषयी काहीच कळले नसते. पुढची दीड पाने मी किती कष्टाने शिकले हे सांगण्यात गेली होती. निवड समितीला आपल्या कष्टांचा आदर असतो, परंतु तिला ठरवायचे असते ते वेगळेच: हा विद्यार्थी दोन वर्षे या विषयात रमेल का, आणि आमच्याकडे त्याला हवे ते आहे का.

दुसऱ्या वर्षी मी तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेच्या हजेरीपटापासून सुरुवात केली. दिवाळी झाली की आमच्या तांड्यावरील निम्मी घरे ऊसतोडीला जातात. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी गुरुजींच्या परवानगीने तो हजेरीपट वहीत उतरवून घेतला होता. दिवाळीपर्यंत ओळीने हजेरी आणि नंतर पानभर लाल शाईचे गैरहजेरीचे ‘गै’. पण काही नावांपुढे दिवाळीनंतरही हजेरी होती. ही मुले आजी-आजोबांजवळ मागे ठेवलेली होती. काही घरे मुलांना मागे ठेवतात आणि काही सोबत नेतात, हे कशावरून ठरते? मोठी बहीण असली तर काय होते? हंगामी वसतिगृहाची सोय असूनही काही आईबाप ती का नाकारतात? मी दहा घरी जाऊन विचारले, मला अर्धवट उत्तरे मिळाली आणि ती नीट लावण्याची पद्धत मला येत नव्हती. उद्देशपत्रात मी हेच लिहिले, आणि ‘मला येत नव्हती’ हेही लिहिले. ती पद्धत शिकवणारा विषय त्या विभागाच्या दुसऱ्या सत्रात होता. तेवढ्यावर पत्राचा सांधा बसला.

तुमचा विषय वेगळा असेल, पण असा प्रश्न आपल्या अवतीभवती असतोच. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने विहिरीच्या पाण्याची चव आयुष्यभर चाखलेली असते. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे पिवळे पडलेले दात वर्गातच दिसतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थिनीने २०१७ सालची गुलाबी बोंडअळी स्वतःच्या वावरात पाहिलेली असते. गडचिरोलीच्या मुलाला मेंढा-लेखा गावाचा सामूहिक वनहक्क पुस्तकातून शिकावा लागत नाही. भाषाशास्त्राकडे जाणाऱ्याला तर विदर्भासारखी जागा नाही: वऱ्हाडी आहे, झाडीबोली आहे, गोंडी आणि कोलामी आहेत, आणि बुलडाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली आहे, जिचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते लागलेले नाही.

मसुदा लिहिताना मी हा क्रम पाळते: कोणता प्रश्न, त्यासाठी आजवर काय वाचले किंवा केले, कुठे अडले, हाच अभ्यासक्रम का, आणि त्यानंतर काय करायचे आहे. प्रत्येक विद्यापीठासाठी चौथा भाग नव्याने लिहावा. गुण कमी असलेले सत्र असेल तर कारण दोन वाक्यांत सांगून पुढे जावे. लपवल्याने ते लपत नाही.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर आधी मराठीत लिहा, पण नंतर त्याचे शब्दशः भाषांतर करू नका. तेच म्हणणे छोट्या, सरळ इंग्रजी वाक्यांत पुन्हा मांडा. इंटरनेटवरून उचललेला, विकत घेतलेला किंवा एआयकडून लिहवून घेतलेला मजकूर देऊ नये. प्रामाणिकपणाचा मुद्दा आहेच, शिवाय अशा मजकुरात हजेरीपट कधीच येत नाही. व्याकरण तपासायला कुणाची मदत घ्या, पण मजकूर तुमचाच असू द्या.

६. शिफारसपत्र: पद मोठे असलेल्याचे नव्हे, तुम्हाला ओळखणाऱ्याचे

आमदारांचे किंवा सभापतींचे पत्र आणणारी मुले मी पाहिली आहेत. त्या पत्राचा उपयोग शून्य असतो. प्राचार्यांनी तुम्हाला कधी शिकवले नसेल, तर त्यांच्याही पत्रात ‘विद्यार्थिनी हुशार व शिस्तप्रिय आहे’ यापलीकडे काही येणार नाही. ज्यांनी तुमचा प्रकल्प तपासला, ज्यांच्याशी तुम्ही वर्गात वाद घातला, त्या शिक्षकांकडे जा.

ग्रामीण महाविद्यालयांत ते शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावरचे असतात. त्यांचे पत्र चालते का, अशी शंका बरेच जण विचारतात. त्यांनी तुम्हाला शिकवलेले असेल तर चालते. अडचण वेगळी असते. तासिका संपल्या की ते त्या महाविद्यालयात नसतात, आणि अनेक विद्यापीठांना शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा ई-मेल हवा असतो. अशा वेळी ते शिकवत असतानाच त्यांना महाविद्यालयाचा ई-मेल मिळू शकेल का, हे कार्यालयात विचारून घ्या. नसेल तर विद्यापीठाला आधीच ई-मेल पाठवून खासगी पत्ता चालेल का, असे विचारा.

‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. सरांचा त्यात दुष्ट हेतू नसतो. इंग्रजी पत्र लिहायची सवय नसते आणि वेळही नसतो. तेव्हा पत्र लिहून नेऊ नका. एका पानावर मुद्दे लिहून न्या: सरांकडे कोणते विषय शिकलात, प्रकल्प कोणता, त्यांनी त्यावर काय म्हटले होते, कोणत्या अभ्यासक्रमाला अर्ज करत आहात आणि मुदत कधीची. सोबत तुमचे उद्देशपत्र द्या. समोर बसून दहा मिनिटे बोललात तर सर त्यातून स्वतःचे पत्र लिहितात, आणि ते वाचताना वेगळे जाणवते.

बहुतेक ठिकाणी विद्यापीठाची लिंक थेट शिक्षकांच्या ई-मेलवर जाते. माझ्या बाबतीत ती स्पॅममध्ये पडून होती. सर रोज इनबॉक्स पाहत होते आणि मी रोज विचारायला संकोचत होते. निदान सहा आठवडे आधी विनंती करावी, लिंक पाठवल्याच्या दिवशी फोन करून स्पॅम पाहायला सांगावे, आणि मुदतीच्या दहा दिवस आधी पुन्हा आठवण करावी. ‘सर, त्रास देते आहे’ एवढे म्हटले की कुणी रागावत नाही.

७. ट्रान्सक्रिप्ट आणि इंग्रजीची परीक्षा

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे विद्यापीठाने दिलेला सर्व सत्रांच्या गुणांचा एकत्रित, शिक्क्याचा उतारा. महाविद्यालयाने साक्षांकित केलेली गुणपत्रिका त्याऐवजी चालत नाही. त्यासाठी अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना, जे तुमचे विद्यापीठ असेल तेथे अर्ज करावा लागतो आणि काही आठवडे हाताशी ठेवावे लागतात. श्रेणीगुणांचे टक्क्यांत रूपांतर स्वतःच्या मनाने करू नका, विद्यापीठाचे सूत्र वापरा.

परदेशी विद्यापीठे मागतात त्या आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात आणि परीक्षेला ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लागतो. म्हणून पासपोर्टचे काम आधी. देशातल्या परीक्षांपैकी सीयूईटी-पीजीच्या बहुतेक प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नसतात. मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्यांनी निदान पारिभाषिक शब्दांची दुभाषी वही सहा महिने आधीपासून करावी.

८. फॉर्म स्वतः भरा

कॅफेवाल्या दादाला शंभर फॉर्मची सवय असते आणि तुमच्या एका फॉर्मची घाई. तो स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाकून मोकळा होतो, मग ओटीपी त्याच्याकडे, प्रवेशपत्राचा निरोप त्याच्याकडे, आणि तुम्ही गावात. फॉर्म बंद झाल्यावर दुरुस्तीसाठी थोडे दिवस मिळतात, पण मोबाइल आणि ई-मेल सहसा तेव्हाही बदलता येत नाहीत. संगणक त्याचा वापरा, बोटे तुमची वापरा. फोटो आणि सही किती केबीची हवी ते सूचनापत्रात आधीच पाहून दोन्ही फाइली तयार न्या. पैसे कापले गेले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दुसऱ्या दिवशी लॉगिन करून स्थिती पाहा. अर्थात हे करण्यासाठी दुसरा दिवस शिल्लक असावा लागतो, म्हणून शेवटची तारीख ही तुमची तारीख नव्हे.

परीक्षेचे शहर निवडताना सकाळच्या सत्राचा विचार करा. तांड्यावरून निघणारी पहिली एसटी नागपूरला नऊच्या आत पोहोचत नाही. आदल्या रात्रीच्या मुक्कामाची सोय जेथे आहे ते शहर पहिले टाका.

९. पैशाची बाजू अर्जासोबतच पाहा

प्रवेश मिळाल्यावर शिष्यवृत्ती शोधणे म्हणजे उशीर. काही विद्यापीठांच्या प्रवेश अर्जातच आर्थिक मदतीचा वेगळा भाग असतो आणि तो रिकामा सोडला तर नंतर विचार होत नाही. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची स्वतंत्र योजना आहे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. इतर मागास, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी राज्याची योजना वेगळ्या विभागाकडे आहे. उत्पन्नाच्या आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाच्या अटी अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरातच वाचावी, मागच्या वर्षीच्या सीनियरचे ऐकू नये. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा पदवी झाल्या झाल्या तिच्या मागे लागू नका. युरोपातील इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीला अशी सरसकट अट नाही. अमेरिकी विद्यापीठांकडे अर्जाचे शुल्क माफ करण्याची विनंती करता येते, आणि कारण नीट लिहिले तर बरेचदा ती मान्य होते.

१०. मुलाखत असल्यास

ती बहुधा ऑनलाइन असते. आमच्या घरी नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ मिळते; तेथे दुपारी उन्हाने मोबाइल तापून बंद पडतो. मी मुलाखत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दिली. ग्रंथपाल मॅडमनी दार बाहेरून ओढून घेतले आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या, कुणी आत येऊ नये म्हणून. अशी जागा आठवडाभर आधी ठरवा, त्याच वेळेला तेथे बसून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल करून पाहा, आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला एक फोन शेजारी ठेवा. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी उद्देशपत्रातूनच येतो. मला विचारले होते, ‘त्या दहा घरांपैकी कोणत्या घराच्या उत्तराने तुम्हाला सर्वांत जास्त अडवले?’